आतला शेक

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे शाळेचे पत्र आले तेव्हा पहाटेची वंदना, वसतिगृहातली पंगत, स्नेहसंमेलनातली नाटके अशा आठवणींची मनात गर्दी झाली. त्या आठवणी माझ्या बरोबरीचे माजी विद्यार्थी लिहितील आणि माझ्याहून सरस लिहितील. मला लिहायचे आहे ते वेगळे आहे. आपली स्मरणिका कार्यक्रमाच्या दिवशी वाटली जाते आणि मग रिसोड, मालेगाव, मानोरा, कारंजा अशा तालुक्यांतल्या खेड्यापाड्यांत घरोघर पोहोचते. घरी ती मुलांची आई, आजी, काकू चाळते. वाचता येत नसेल तर नातवाकडून वाचून घेते. त्या वाचकांसाठी मी माझ्या आईच्या आजाराविषयी लिहीत आहे. लिहिण्यापूर्वी आईला विचारले. ती म्हणाली, "लिही. माहं नाव नको टाकू, पण रोगाचं नाव टाक."

रोगाचे नाव गर्भाशयमुखाचा कर्करोग. ज्या उपचाराविषयी मी मुख्यतः सांगणार आहे त्याला डॉक्टर ब्रॅकीथेरपी, म्हणजे अंतर्गत किरणोपचार, असे म्हणतात. रुग्णालयाच्या आवारात चुली मांडून राहणाऱ्या बायका त्याला 'आतला शेक' म्हणत. आईनेही तोच शब्द उचलला आणि मलाही आता तोच जवळचा वाटतो.

आईच्या आधी हा रोग आमच्या घराण्यात एकदा येऊन गेला होता. माझी थोरली मावशी २०११ साली याच आजाराने अंथरुणाला खिळली. तिला बाहेरून द्यायचे किरणोपचार मिळाले, ते पूर्णही झाले. चौथ्या आठवड्यात अंगावरून जाणे थांबले, तोंडाला चव आली, चेहऱ्यावर थोडे तेज आले. डॉक्टरांनी पुढच्या, आतून द्यायच्या उपचाराची तारीख दिली. पण दिवस तुरीच्या सोंगणीचे होते. मावशीने ती तारीख टाळली, दुसरी मागितली, तीही टाळली. घरात कुणालाच त्यात काही वावगे वाटले नाही, कारण बाई चांगली हिंडत-फिरत होती. सात-आठ महिन्यांनी एका पायावर सूज आली, कंबर ठणकू लागली आणि मग लघवीचा त्रास सुरू झाला. दीड वर्षात मावशी गेली. गावाने निवाडा दिला की, शेकाने ती आतून जळाली. आईने तो निवाडा मनात जपून ठेवला. बारा वर्षांनी तो आमच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

आईची पाळी जाऊन सात-आठ वर्षे झाली होती. २०२३ च्या उन्हाळ्यात तिला पुन्हा डाग दिसू लागले. पाण्यासारखा, वास येणारा स्राव होता. तिने हे कुणालाही सांगितले नाही. लुगड्याच्या जुन्या धडप्या घडी करून वापरल्या, त्या रात्री धुतल्या आणि गोठ्यामागे वाळत घातल्या. माझ्या पत्नीने एकदा त्या पाहिल्या आणि सासूला सरळ विचारले, तेव्हा कुठे गोष्ट उजेडात आली. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. वर्गात अणूच्या गाभ्याविषयी तासन्‌तास बोलू शकतो. पण ज्या गर्भाशयात मी वाढलो त्याविषयी माझ्याशी बोलणे आईला अशक्य होते, आणि मलाही तो शब्द तिच्यासमोर उच्चारताना जड जात होते. आमच्यातला सगळा व्यवहार सुरुवातीचे दोन महिने पत्नीच्या मार्फतच चालला. अशी सून प्रत्येक घरी नसते.

अकोल्याला तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला, अहवाल आला. रोग गर्भाशयाच्या तोंडापुरता राहिला नव्हता. बाजूच्या पेशीजालात शिरला होता. डॉक्टर त्याला दुसऱ्या टप्प्याचा 'ब' भाग म्हणाले. ऑपरेशन करून पिशवी काढून टाका, असा आग्रह आमच्या नातेवाइकांपैकी प्रत्येकाने धरला. खेड्यात 'पिशवी काढणे' हे सर्व दुखण्यांवरचे औषध समजले जाते. पण या टप्प्यावर शस्त्रक्रियेने रोगाची मुळे पूर्ण निघत नाहीत. येथे मुख्य उपचार किरणांचा असतो आणि त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे औषध शिरेतून दिले जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने याहून पुढच्या, तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० स्त्रियांवर केलेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. किरणांसोबत हे औषध मिळालेल्या स्त्रियांपैकी ५४ टक्के पाच वर्षांनी हयात होत्या. नुसते किरण मिळालेल्यांपैकी ४६ टक्के. तिसऱ्या टप्प्यातही अर्ध्याहून अधिक, हा आकडा मी वहीत लिहून घेतला आणि 'कॅन्सर म्हणजे संपलं' असे सांगायला येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवला.

उपचार नागपूरच्या एका रुग्णालयात ठरले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसले. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आरोग्यमित्राच्या खिडकीपाशी अर्धा दिवस गेला, एवढीच काय ती तोशीस. २८ ऑगस्टला बाहेरच्या किरणांची पहिली पाळी झाली. आठवड्यातून पाच दिवस, अशा पंचवीस पाळ्या. यंत्राखाली दोन-चार मिनिटे निजायचे, दुखत काही नाही, पण पुढे पुढे जुलाब होतात, थकवा येतो, मळमळ होते. शनिवार-रविवारी मी शेलूबाजारहून समृद्धी महामार्गाने नागपूर गाठत असे. एरवी पत्नी तिच्यापाशी राही.

तिसऱ्या आठवड्याअखेर रक्त जाणे थांबले. ऑक्टोबर उजाडला तेव्हा बाहेरच्या पाळ्या संपत आल्या होत्या आणि गावाकडे सोयाबीनची सोंगणी अंगावर आली होती. आईने गाठोडे बांधले. "शेकानंच तर गेली माही बहीण," ती म्हणाली, "आता अंगावरून जाणं बंद झालं, भाकर गोड लागते. मंग आतून आनखीन कायले शेकून घेऊ?"

बारा वर्षांपूर्वी मावशीच्या घरात हेच शब्द बोलले गेले असतील. या वेळी उत्तर देणे माझ्याकडे आले.

आपल्या वसतिगृहात पावसाळ्यात वीज गेली की अभ्यासिकेत मधोमध कंदील ठेवला जाई, हे माझ्या काळच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. कंदिलाभोवती आम्ही गोल करून बसत असू. पहिल्या रांगेतल्याला अक्षर स्वच्छ दिसे. त्याच्या दुप्पट अंतरावर बसलेल्याला उजेड निम्मा मिळत नसे, चौथाई मिळे. तिप्पट अंतरावर नववा हिस्सा. पुढे सरांनी हा व्यस्त वर्गाचा नियम फळ्यावर मांडला, तेव्हा मागच्या रांगेत बसणाऱ्या आम्हांला तो अगोदरच ठाऊक झालेला होता.

आतल्या शेकाचे सगळे मर्म या कंदिलात आहे. बाहेरून येणारा किरण हा दुपारच्या उन्हासारखा. तो रोगापर्यंत पोहोचण्याआधी आणि रोग ओलांडून गेल्यावरही वाटेतल्या मूत्राशयाला, आतड्याला, गुदाशयाला भाजतो. त्यामुळे तो एका मर्यादेपलीकडे देता येत नाही. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. बाहेरून ४५ ते ५० ग्रे इतकेच सोसते. गर्भाशयमुखाची गाठ समूळ नष्ट व्हायला मात्र परिणामाच्या हिशेबाने ८० ग्रेहून अधिक मात्रा लागते. मधले अंतर भरून काढायचे तर कंदील गाठीच्या आतच नेऊन ठेवायला हवा. मग गाठीवर प्रखर उजेड पडतो आणि दोन-तीन सेंटिमीटर पलीकडच्या अवयवांपर्यंत पोहोचेतो तो पुष्कळ मंदावलेला असतो. निसर्गाने येथे सोयही केली आहे: गर्भाशयाला स्वतःची पोकळी आहे, तिच्यात नळी ठेवता येते, चिरफाड करावी लागत नाही. रक्तस्राव थांबतो तो गाठ आकसल्यामुळे. तिचा गाभा जिवंत असतो. मावशी याच टप्प्यावर घरी परतली होती. तिला शेकाने मारले नव्हते. जो शेक घ्यायचा राहिला तो तिला वाचवू शकला असता.

मी हे कंदिलाच्या भाषेत आईला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि स्वतःच्या भाषेत फिरवून मला परत दिले: "म्हंजे फवारा मारला तरी बुडातलं तन राह्यतेच. ते खुरप्यानंच काढा लागते. असंच ना?" गेली सतरा वर्षे मी शिकवतो आहे, इतके नेमके उदाहरण मला अद्याप सुचलेले नाही. गाठोडे तिने सोडले. सोयाबीन धाकट्या भावाने मजूर लावून काढले.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये रेडियम शोधले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९०३ मध्ये, टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी एका डॉक्टरला पत्र लिहून सुचवले की, बाहेरून किरण टाकण्यापेक्षा रेडियमचा बारीक कण काचेच्या नळीत बंद करून थेट गाठीच्या मध्यभागी का ठेवू नये? बेल काही डॉक्टर नव्हते. पण प्रश्न बरोबर होता, आणि त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत डॉक्टरांनी रेडियम रुग्णाच्या अंगाला लावून पाहायला सुरुवातही केली होती. आपल्याकडे मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले आणि त्या दुःखातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. त्या काळात जगभर रेडियम हाताने, चिमट्याने हाताळले जाई; नळ्या बसवून स्त्रीला दोन-तीन दिवस एकटीला खाटेवर ठेवत आणि डॉक्टर, परिचारिका स्वतःच्या अंगावर किरण घेत तिची सेवा करीत. अनेकांनी त्याची किंमत मोजली. आज रिकामी नळी आधी बसवतात, सगळे लोक खोलीबाहेर जातात आणि मगच यंत्र किरणांचा कण आत पाठवते. या एका बदलाने रुग्णाचे दिवसांचे काम मिनिटांवर आले.

मी भौतिकशास्त्र शिकवतो हे कळल्यावर तेथल्या तरुण भौतिकतज्ज्ञाने मला यंत्राची रचना कौतुकाने समजावली. कण इरिडियम-१९२ या धातूचा. साडेतीन-चार मिलिमीटर लांब, जाडी एक मिलिमीटरहून कमी. तिळाएवढा म्हणावा. तो पोलादी तारेच्या टोकाला जोडलेला असतो आणि यंत्रातल्या जड धातूच्या पेटीत बंद असतो. बटण दाबले की तार नळीतून सरकत जाते, ठरलेल्या जागी काही सेकंद थांबते, थोडी मागे येते, पुन्हा थांबते. कुठे किती सेकंद थांबायचे याचा हिशेब त्या दिवशी, त्या स्त्रीच्या सीटी स्कॅनवरून मांडतात. इरिडियमची शक्ती सुमारे ७४ दिवसांत निम्मी होते. म्हणून कण जुना होत जातो तशी तीच मात्रा द्यायला जास्त मिनिटे लागतात आणि तीन-चार महिन्यांनी तो बदलावा लागतो. काही ठिकाणी कोबाल्ट-६० वापरतात. त्याचे अर्धायुष्य पाच वर्षांहून थोडे अधिक असल्याने वारंवार बदलण्याचा खर्च वाचतो. माझ्या वर्गात अर्धायुष्याचे गणित मुले पाच गुणांसाठी सोडवतात. येथे तेच गणित माझ्या आईसाठी मांडले जात होते.

आता त्या दिवसाविषयी, कारण भीती त्याचीच असते. आईला असे चार दिवस काढावे लागले: ९, १२, १६ आणि १९ ऑक्टोबर. आदल्या रात्रीपासून पोट रिकामे, सकाळी एनिमा, मग कंबरेत सुई देऊन भूल. शस्त्रक्रियागृहात डॉक्टर गर्भाशयात एक बारीक नळी आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन छोट्या नळ्या बसवतात. मूत्राशय आणि गुदाशय दूर ढकलले जावेत म्हणून भोवती कापसाच्या जाळीदार पट्ट्या घट्ट भरतात. हे झाल्यावर स्कॅन. मग हिशेब होईपर्यंत तास-दोन तास उताणे, पाय न हलवता पडून राहणे. आई म्हणते, सगळ्यांत कठीण हेच. भूल उतरू लागते, कंबर भरून येते, आणि हलायचे नाही. प्रत्यक्ष किरणांची पाळी दहा-पंधरा मिनिटांची. खोलीत ती एकटी, दार बंद, बाहेर पडद्यावर तिचे चित्र आणि बोलायला माइक. तिला काही जाणवले नाही, चटका नाही, उष्णता नाही. यंत्राची फक्त बारीक टकटक ऐकू आली. शेवटी पट्ट्या आणि नळ्या काढताना मात्र दुखले. पहिल्या वेळी ती ओरडली. दुसऱ्या वेळी तिने आधीच परिचारिकेला दुखणे थांबवणारे औषध मागितले आणि ते मिळाले. मागावे लागते, हे लक्षात ठेवावे. आपल्या बायका सोसण्यात भूषण मानतात. तिथे त्याची गरज नाही.

पहिल्या पाळीनंतर आम्ही एका नातलगाकडे मुक्कामाला होतो. तिथे आईचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला गेला. लहान लेकरू तिच्या मांडीवर यायला निघाले तर त्याला आत बोलावून घेतले. 'हिच्या अंगातून किरणं निघतात' असे कुजबुजणे कानावर आले. आईने पेल्याकडे पाहिले आणि काही बोलली नाही. ज्या समाजाच्या आजोबा-पणजोबांनी पाणवठ्यावरचा अपमान सोसला, त्या समाजातल्या एका घरी तो पेला वेगळा ठेवलेला पाहून मला जे वाटले ते लिहिण्याजोगे नाही. मुद्दा मात्र स्पष्ट करतो. इरिडियमचा कण पाळी संपताच पेटीत परततो. स्त्रीच्या शरीरात काही उरत नाही. ती खोलीतून बाहेर आली की नातवाला मांडीवर घेऊ शकते, स्वयंपाक करू शकते, सर्वांच्या पंगतीत जेवू शकते. हा गैरसमज बहुधा दुसऱ्या एका उपचारावरून पसरला असावा. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगात आयोडीन-१३१ पोटात देतात. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून या शास्त्राचे काम चालले आहे. तिथे औषधच शरीरात फिरते, म्हणून रुग्णाला काही दिवस वेगळे राहण्यास सांगतात. तेही काही दिवसच. आतल्या शेकात तेवढ्याचीही गरज नसते. मी हे त्या घरी जेवणाच्या पाटावर सांगितले. दुसऱ्या दिवशी लेकरू आईच्या मांडीवर होते.

तारखा का पाळायच्या, हेही सांगतो. बाहेरच्या पहिल्या पाळीपासून आतल्या शेवटच्या पाळीपर्यंत सगळा उपचार आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत, पुरा व्हावा, असा जगभरचा संकेत आहे. त्यापुढे लांबणाऱ्या प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात येण्याची शक्यता अर्धा ते एक टक्क्याने घटते, असे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. आईची शेवटची पाळी त्रेपन्नाव्या दिवशी झाली. आतला शेक टाळण्याचा मोह फक्त वऱ्हाडातल्या शेतकरी बाईलाच होतो असेही नाही. अमेरिकेत १९८८ मध्ये अशा रुग्णांपैकी ८३ टक्के स्त्रियांना तो मिळत होता, २००९ मध्ये हे प्रमाण ५८ टक्क्यांवर आले होते. आणि ज्यांना तो मिळाला त्या अधिक जगल्या, असे तिथल्याच नोंदी सांगतात. तिथे तर यंत्रांची वाण नव्हती. हे कसबाचे, वेळखाऊ काम आहे. बाहेरची नवनवी यंत्रे चकचकीत दिसतात आणि हे मागे पडते.

१९ तारखेची पाळी आटोपल्यावर आईने दीक्षाभूमीवर न्यायला सांगितले. विजयादशमी पाच दिवसांवर होती, मंडप उभे राहत होते, पुस्तकांच्या दुकानांचे बांबू रोवले जात होते. गर्दीत तिला आणता आले नसते. त्या दुपारी मोकळे होते. ती स्तूपाच्या पायरीवर अर्धा तास बसली आणि मग म्हणाली, "चाल, भूक लागली."

उपचारानंतरच्या गोष्टींविषयी कुणीच बोलत नाही, म्हणून थोडे लिहितो. योनिमार्ग कोरडा पडतो, आकसतो. तो बुजू नये म्हणून डॉक्टर एक साधन वापरायला शिकवतात, आणि ते वापरले नाही तर पुढच्या तपासण्याही अवघड होतात. तरुण स्त्रियांची पाळी कायमची थांबते. वर्ष-दोन वर्षांनी शौचावाटे किंवा लघवीवाटे रक्त दिसू शकते. ते दिसले की रोग उलटला असे समजून घाबरू नये आणि अंगावरही काढू नये, दाखवावे. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी तपासणी असते, पुढे सहा महिन्यांनी. आईला ही सूचना परिचारिकेने पत्नीसमोर समजावली. पतींनाही समोर बसवून ती सांगायला हवी, असे माझे मत आहे.

या रोगाचे दुर्दैव असे की तो टाळता येण्याजोगा आहे. एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या दीर्घ संसर्गातून तो होतो, आणि संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. यात बाईच्या चारित्र्याचा संबंध नाही; हा संसर्ग आयुष्यात बहुतेक स्त्री-पुरुषांना केव्हा ना केव्हा होतो आणि आपोआप जातोही. काहींचा जात नाही, इतकेच. आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ खेड्यातल्या स्त्रियांचा अभ्यास केला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने, आणि दोष आढळल्यास वेळीच उपचाराने, आठ वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष जगापुढे गेले आणि देशोदेशीच्या आरोग्य धोरणांत त्यांचा आधार घेतला गेला. ज्या मातीत हे सिद्ध झाले ती माती आमच्या गावापासून फार दूर नाही. तरीही २०२० मध्ये देशात या रोगाचे सुमारे १ लाख २३ हजार नवे रुग्ण आणि ७७ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

पुण्याच्या सीरम संस्थेने २०२३ च्या जानेवारीत सर्वावॅक ही देशी लस आणली. नऊ ते चौदा वयाच्या मुलींना तिच्या दोन मात्रा पुरतात. आपल्या वसतिगृहात त्या वयाच्या मुली आहेत. माजी विद्यार्थी संघाने वर्गणीतून पाण्याची टाकी बांधली, ग्रंथालय उभे केले. पालकांची संमती घेऊन हे काम हाती घेता येईल का, याचा विचार कार्यकारिणीने करावा, अशी विनंती मी येथेच नोंदवतो. आणखी एक, विज्ञान शाखेच्या मुलांसाठी. किरणोपचाराचा हिशेब मांडणारा तो तरुण भौतिकतज्ज्ञ एम.एस्सी. नंतर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिओलॉजिकल फिजिक्सची एक वर्षाची पदविका घेऊन आला होता. भौतिकशास्त्र घेतले की शिक्षकच व्हायचे, असे आपल्याकडे समजतात. मी झालो, मला आनंद आहे. पण दुसरी वाटही आहे.

आई आता बरी आहे. पाच वर्षे पुरी व्हायची आहेत, त्यामुळे याहून मोठा शब्द डॉक्टर वापरत नाहीत आणि मीही वापरणार नाही. शेतात ती जाते, मात्र वाकून फार वेळ निंदण करता येत नाही. तिच्यात एक बदल झाला आहे. पूर्वी जो शब्द ती सुनेच्या कानातही सांगायला लाजत होती, तो आता बचत गटाच्या बैठकीत मोठ्याने बोलते.

गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या गावातली एक बाई तिच्याकडे आली. तिचे बाहेरचे किरण संपले होते, रक्त थांबले होते, आणि आतल्या उपचाराची तारीख चार दिवसांवर होती. नवरा म्हणत होता, आता कशाला, कापूस वेचायचा आहे. आईने तिला आपल्या बहिणीची गोष्ट सांगितली. मग मला हाक मारून मोटारसायकल काढायला लावली. त्या घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी अंगणात उभा राहिलो. आई ओट्यावर बसली आणि त्या बाईच्या नवऱ्याला म्हणाली, "भाऊ, कापूस मी वेचायले येतो. तू हिले घेऊन जाय."

त्याने कापसाला आईला बोलावले नाही. चार दिवसांनी पहाटेच्या गाडीने दोघे नागपूरला गेले. त्या बाईच्या चारही पाळ्या झाल्या; मार्चमध्ये पहिली तपासणी होती, तेव्हा आई तिच्यासोबत गेली होती.